हळुवार हातांचा सर्जन

मणक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला स्वतःच्या पाठीवरचा व्रण सहसा दिसत नाही. घरातलं कुणीतरी बोट ठेवून सांगतं, इथून इथपर्यंत आहे, आता बराच फिकट झालाय. हा वरचा व्रण फारसा त्रास देत नाही. प्रश्न असतो तो आतल्या व्रणाचा. सरकलेल्या गादीचा तुकडा काढून नस मोकळी केली, पायातली कळ गेली, पेशंट आनंदानं घरी गेला, आणि काही महिन्यांनी तीच कळ पुन्हा पायात उतरू लागली. एमआरआय काढला तर गादी जागच्या जागी असते, पण नसेच्या मुळाभोवती एक राखाडी, चिवट, तंतुमय ऊती जमलेली दिसते. रिपोर्टमध्ये तिला एपिड्युरल फायब्रोसिस असं भारदस्त नाव दिलेलं असतं. साध्या भाषेत, जखम भरताना शरीरानं आत घातलेलं ठिगळ.

हे ठिगळ पडूच नये म्हणून काही इंजेक्शन, एखादं जेल, एखादं औषध नाही का, असा प्रश्न पेशंट हमखास विचारतात. त्याचं उत्तर शोधायला गेलं की वाट बाल्टिमोरच्या एका सर्जनपाशी जाते. त्याला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली. सरकलेली गादी नस दाबते आणि पायात कळ येते, हे त्याच्या हयातीत सर्जनांना नीटसं उमगलंही नव्हतं. पण जखमेच्या आत व्रण का वाढतो आणि तो कमी कसा ठेवायचा, यावर त्याच्याइतका विचार त्याच्या आधी क्वचितच कुणी केला असेल. त्याचं नाव विल्यम स्टुअर्ट हॉलस्टेड.

१८५२ साली न्यूयॉर्कमधल्या एका गडगंज व्यापारी घराण्यात तो जन्मला. कापडाच्या आयातीचा मोठा धंदा, उंची घर, खासगी शिकवण्या. येल विद्यापीठात तो फुटबॉल संघाचा कप्तान होता आणि अभ्यासाशी त्याचं फारसं सख्य नव्हतं. तिथल्या चार वर्षांत त्यानं ग्रंथालयातून एकही पुस्तक नेल्याची नोंद नाही म्हणतात. शेवटच्या वर्षी मात्र त्यानं शरीररचनेचं आणि शरीरक्रियेचं अशी दोन जाडजूड पुस्तकं विकत घेतली, आणि गडी बदलला. १८७७ साली तो डॉक्टर झाला. पुढची दोन वर्षं व्हिएन्ना, हाले, लाइपझिग अशा शहरांतल्या नामांकित सर्जनांच्या टेबलांशेजारी उभा राहून शिकला. व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ त्या वेळी पोटाची अशी ऑपरेशनं करत होता, जी अमेरिकेत कुणी स्वप्नातही आणली नसती.

१८८० साली परतल्यावर त्यानं न्यूयॉर्क अक्षरशः दणाणून सोडलं. एकाच वेळी सहा हॉस्पिटलांत काम, संध्याकाळी विद्यार्थ्यांचे वर्ग, रात्री मित्रांच्या मेजवान्या. धाडस तर असं की वाचताना आजही छाती धडधडते. बाळंतपणात रक्तस्राव होऊन त्याची बहीण निपचित पडली होती. हॉलस्टेडनं स्वतःच्या शिरेतून रक्त काढलं आणि तिला दिलं. हे १८८१ साल. रक्तगटांचा शोध लागायला अजून वीस वर्षं होती. रक्त जुळलं हे निव्वळ दैव, बहीण वाचली. पुढच्याच वर्षी त्याच्या आईला पित्ताशयात पू झाला, तेव्हा रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिला झोपवून त्यानं पित्ताशय उघडलं, पू आणि सात खडे काढले. आईही वाचली.

जंतूंबद्दल तो आधीपासूनच हट्टी होता. जोसेफ लिस्टरनं इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये जंतुनाशकाचा वापर सुरू करून पंधरा वर्षं होत आली होती, तरी न्यूयॉर्कचे कितीतरी बुजुर्ग सर्जन रक्तानं कडक झालेल्या त्याच जुन्या कोटात ऑपरेशन करत. बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या इमारतीत आपल्याला हवी तशी स्वच्छता होणं शक्य नाही असं त्यानं ठरवलं, मित्रांकडून जवळपास दहा हजार डॉलर जमवले आणि हॉस्पिटलच्या आवारात ऑपरेशनसाठी एक वेगळा तंबूच उभारला. मेपलच्या लाकडाची जमीन असलेला तंबू!

हा पहिला हॉलस्टेड. चपळ, बोलघेवडा, धाडसी. तो १८८४च्या शरद ऋतूपर्यंत टिकला.

त्या सप्टेंबरमध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनं दाखवून दिलं की कोकेनचे थेंब टाकले की डोळा बधिर होतो. बातमी अटलांटिक ओलांडून आली तशी हॉलस्टेडच्या डोक्यात दुसरीच चक्रं फिरली. थेंब कशाला, कोकेन थेट मज्जातंतूपाशी टोचलं तर त्या तंतूचा सगळा इलाखाच बधिर होईल. त्यानं, त्याचा सहकारी रिचर्ड हॉल यानं आणि काही विद्यार्थ्यांनी एकमेकांना सुया टोचून प्रयोग केले. कल्पना अचूक निघाली. आज दातांचे डॉक्टर खालच्या जबड्यात मागच्या बाजूला एक इंजेक्शन देऊन अर्धा जबडा बधिर करतात, त्याचं मूळ या प्रयोगांत आहे. पण कोकेनचं व्यसन लागतं ही गोष्ट त्या वेळी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. प्रयोग करणाऱ्या तरुणांपैकी काही जण यातून उठलेच नाहीत. हॉलस्टेडनं १८८५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात कोकेनवर लेख लिहिला, त्याचं पहिलंच वाक्य इतकं लांबलचक आणि भरकटलेलं आहे की लिहिणाऱ्याचं काहीतरी बिनसलंय हे सामान्य वाचकालाही कळावं. संपादकांनी ते तसंच कसं छापलं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मित्रांनी त्याला समुद्रसफरीवर नेऊन पाहिलं. उपयोग झाला नाही. १८८६ साली तो प्रॉव्हिडन्स इथल्या बटलर या मनोरुग्णालयात काही महिने राहिला. तिथं कोकेन सुटलं, पण त्याची जागा मॉर्फिननं घेतली. त्या काळी उपचार म्हणून हेच केलं जाई. मॉर्फिन मात्र पुढं आयुष्यभर सुटलं नाही. हे त्याच्या हयातीत मोजक्या जणांना ठाऊक होतं. सहकारी विल्यम ऑस्लर यानं आपल्या एका गुप्त टिपणवहीत ते लिहून ठेवलं होतं. ती वही मोहोरबंद होती आणि १९६९ साली उघडली गेली, तेव्हा अमेरिकन वैद्यकविश्वाला धक्का बसला. मधली जवळजवळ ऐंशी वर्षं सगळ्यांची समजूत होती की गडी साफ बरा झाला.

न्यूयॉर्कमधली कारकीर्द संपली होती. अशा वेळी विल्यम वेल्च या मित्रानं त्याला बाल्टिमोरला बोलावून घेतलं. जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल अजून बांधून व्हायचं होतं, पण वेल्चची प्रयोगशाळा सुरू झाली होती. पेशंट नाहीत, गर्दी नाही, घाई नाही. समोर फक्त भूल दिलेली कुत्री आणि त्यांची आतडी. व्रणाच्या गोष्टीला खरी सुरुवात होते ती या खोलीत.

आतड्याचे दोन तुकडे जोडले की टाके सुटत, घाण पोटात पसरे आणि पेशंट दगावे. हॉलस्टेड आणि फ्रँकलिन मॉल हा तरुण शरीरशास्त्रज्ञ आतड्याच्या भिंतीचा एकेक थर तपासू लागले. त्यांच्या लक्षात आलं की टाका धरून ठेवण्याची ताकद एकाच पातळ थरात असते, आतल्या अस्तराच्या लगेच बाहेर असलेल्या. सुई त्या थरात अडकली पाहिजे आणि आतल्या पोकळीत जाता कामा नये. सुईला तो थर बोटांनी जाणवतो, पण त्यासाठी हात हळू चालला पाहिजे. कागदावर हा निष्कर्ष एका ओळीत मावतो. तो काढायला महिनोन् महिने लागले.

त्या महिन्यांत त्यानं आणखी एक गोष्ट पाहिली. जखमेत जंतू शिरले म्हणजे जखम चिघळतेच असं नाही. त्याच जंतूंनी एक जखम चिघळे, दुसरी सुखरूप भरून येई. फरक ऊतींच्या अवस्थेत होता. जाडजूड चिमट्यात चिरडलेलं मांस, मोठ्या दोऱ्यात गच्च आवळून मेलेला पुंजका, ताणून बांधलेली कातडी, आत साचलेलं रक्त, अशा ठिकाणी जंतूंचं फावत असे. आणि जंतू नसले तरीही ही मेलेली ऊती साफ करायला शरीराला पेशींची फौज पाठवावी लागे. फौजेमागून येत फायब्रोब्लास्ट, म्हणजे तंतू विणणाऱ्या पेशी. जेवढा मलबा जास्त, तेवढा विणलेला व्रण जाड.

त्या काळातल्या सर्जरीचा नूर यावरून आठवावा. १८४६ साली ईथरची भूल आली, तोवर सर्जनची थोरवी घड्याळावर मोजली जाई. पाय किती सेकंदांत कापला यावर. भूल आली, घाई करायचं कारण संपलं, पण सवय गेली नव्हती. हॉलस्टेड हॉस्पिटलात परतला तेव्हा तो दुसराच माणूस होता. हळू, अबोल, एकलकोंडा. रक्ताची प्रत्येक बारीक वाहिनी तो वेगळी पकडे. त्यासाठी त्यानं बारीक टोकाचे चिमटे तयार करून घेतले. आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आजही ज्याला मॉस्किटो म्हणून हातात देतात, ते त्याच वंशातलं. बांधायला जाड दोऱ्याऐवजी केसासारखं बारीक रेशीम. एका मोठ्या टाक्यात भरमसाट मांस आवळण्यापेक्षा अनेक छोटे टाके. कातडी ताणून जोडायची नाही. थर थराशी जुळवायचा. आत रिकामी पोकळी ठेवायची नाही. ऊतींना होता होईतो रक्तपुरवठा राहू द्यायचा. त्याची ऑपरेशनं इतकी लांबत की बघायला आलेल्या एका सर्जननं थट्टा केली, खाली टाके घालून होईपर्यंत वरची जखम भरून आलेली असते. गोष्ट खरी असो वा रचलेली, हॉपकिन्समध्ये ती चवीनं सांगितली जाई.

या मंदपणाचं श्रेय काही चरित्रकार मॉर्फिनला देतात. मला ते पटत नाही. मॉर्फिननं त्याचं बोलणं आणि माणसांत मिसळणं कमी केलं असेल, पण रक्तवाहिनी वेगळी का धरायची याचं कारण त्याच्याकडे प्रयोगशाळेतून आलेलं होतं.

१८८९ साली जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल उघडलं आणि पुढच्या वर्षी तो तिथला मुख्य सर्जन झाला. त्याच्या थिएटरमध्ये कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची परिचारिका होती. दक्षिणेतल्या एका जुन्या जमीनदार आणि लष्करी घराण्यातली, शिस्तीची, हुशार. हात निर्जंतुक करायला तेव्हा पाऱ्याचं एक जहाल क्षारद्रव वापरत. त्यानं तिच्या हातांची कातडी लाल होऊन सोलवटून निघाली. ती नोकरी सोडायची वेळ आली. हॉलस्टेडनं गुडइयर रबर कंपनीला पत्र लिहून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करून घेतले. ते जमले. जून १८९० मध्ये दोघांनी लग्न केलं. हातमोज्यांमुळे जंतू अडतात, हा विचार मात्र सुरुवातीला कुणाच्याच मनात नव्हता, खुद्द त्याच्याही नाही. ती कातडी वाचवायची युक्ती होती. मदतनीस सोयीसाठी ते घालू लागले. जोसेफ ब्लडगुड या त्याच्या शिष्यानं पुढं प्रत्येक ऑपरेशनला मोजे घालायला सुरुवात केली आणि हर्नियाच्या पेशंटांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जखमा चिघळण्याचं प्रमाण झपाट्यानं उतरलेलं दिसलं. एवढी उघड गोष्ट आपल्याला इतकी वर्षं कशी दिसली नाही, याची खंत हॉलस्टेडनं पुढं स्वतःच नोंदवली आहे.

घर मोठं होतं आणि नवरा-बायको वेगवेगळ्या मजल्यांवर राहत. मूलबाळ नव्हतं. कुत्री होती, घोडे होते. त्याचे शर्ट धुण्यासाठी पॅरिसला पाठवले जात. कॉफीचे दाणे तो एकेक निवडून घेई. उन्हाळ्यात दोघं नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातल्या हाय हॅम्प्टन या इस्टेटीवर महिनोन् महिने राहत आणि तो तिथं डेलियाची फुलं वाढवी. शिष्यांना त्याचा धाक होता, पण तो वारंवार गायबही असे. त्या दिवसांत सगळी ऑपरेशनं शिष्यच करत. याच तुटपुंज्या हजेरीतून एक पद्धत जन्माला आली. तरुण डॉक्टरांनी हॉस्पिटलातच राहायचं, वर्षानुवर्षं पायरी पायरीनं जबाबदारी घ्यायची आणि शेवटी स्वतंत्र सर्जन होऊन बाहेर पडायचं. आपल्या सरकारी हॉस्पिटलांतले रेसिडेंट डॉक्टर ज्या व्यवस्थेत छत्तीस-छत्तीस तास राबतात, तिचा साचा हा. त्यांच्या संपाच्या बातम्या याच पानांवर येत असतात, म्हणून सांगितलं. रेसिडेंट म्हणजे खरोखरच तिथं वस्तीला असणारा.

अशा १७ मुख्य निवासी सर्जनांना त्यानं घडवलं. त्यांतला एक हार्वी कुशिंग. शिकायला आला तेव्हा गुरूच्या संथपणानं तो वैतागला होता म्हणतात, पण मेंदू उघडायची वेळ आली तेव्हा त्याला हाच संथपणा कामी आला. मेंदूतली रक्तवाहिनी दोऱ्यानं बांधता येत नाही, म्हणून १९११ साली त्यानं चांदीच्या इवल्याशा क्लिपा वापरायला सुरुवात केली. १९२६ पासून विजेच्या उष्णतेनं रक्तस्राव थांबवायचं तंत्र विल्यम बोवी या भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीनं आणलं. दुसरा वॉल्टर डँडी. त्यानं १९२९ साली अशा पेशंटांबद्दल लिहिलं, ज्यांच्या मणक्यांमधल्या गादीचा सुटा तुकडा मज्जातंतूंवर दाब देत होता. पाच वर्षांनी, १९३४ मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी सायटिकाचा आणि फुटलेल्या गादीचा संबंध पक्का केला. तिथून गादीच्या ऑपरेशनांची रीघ लागली. आणि त्यांच्या मागोमाग आला आतला व्रण.

इथं एक गंमत आहे, किंवा म्हणा गुंता. रिकामी पोकळी नको हे हॉलस्टेडचं ब्रीद, पण हाडात कोरलेली खोबण कशी बुजवणार? १८९१च्या सुमारास त्यानं लिहिलं की जखम जर पूर्ण निर्जंतुक असेल तर पोकळीत रक्ताची गुठळी राहू द्यावी. शरीर त्या गुठळीत पेशी आणि केशवाहिन्या धाडतं आणि हळूहळू तिचं ऊतीत रूपांतर करतं. हे निरीक्षण अगदी बरोबर होतं. पायाच्या नडगीत तो उपकारच. पण मणक्यात तेच घडलं की तीच गुठळी नसेला चिकटलेला व्रण होते.

कसं, ते पाहू. मज्जारज्जू आणि नसांची मुळं ज्या पिशवीत असतात तिला ड्युरा म्हणतात. तिच्यावर मऊ चरबीचा थर, त्यावर एक पिवळसर लवचीक अस्थिबंध, त्यावर हाडाची कमान आणि मग पाठीचे स्नायू. गादीपर्यंत पोचायला सर्जनला स्नायू बाजूला सारावे लागतात, कमानीचा भाग आणि अस्थिबंध काढावा लागतो. म्हणजे खरवडलेला स्नायू आणि ड्युरा यांच्यामधली भिंतच जाते. मधल्या जागेत रक्त साचतं. स्नायूतून फायब्रोब्लास्ट सरकत येतात आणि काही आठवड्यांत गुठळीचा पडदा होतो. १९७४ साली टोरांटोमधल्या लारोका आणि मॅकनॅब यांनी हे प्राण्यांमध्ये दाखवलं. पडदा ड्युराला आणि नसेच्या मुळाला चिकटतो. नस एरवी पाय हलवताना काही मिलिमीटर पुढं-मागं सरकते, ती जखडली जाते आणि ताण बसला की दुखते. प्रत्येकाचं दुखतंच असं नाही. ऑपरेशननंतर थोडाबहुत व्रण जवळपास सगळ्यांनाच होतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. व्रण जास्त तर दुखणं जास्त, असं काही अभ्यासांत आढळलं आणि काहींत आढळलं नाही. म्हणूनच एमआरआयवर व्रण दिसला एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. कळेचं मूळ दुसरीकडेही असू शकतं, एखादा राहून गेलेला तुकडा, अरुंद झालेली वाट, नव्यानं सरकलेली गादी. शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये व्रण उजळतो, गादीचा तुकडा सहसा उजळत नाही, त्यावरून दोन्ही वेगळे ओळखता येतात.

मधे पडदा घालून व्रण अडवायचे प्रयत्न पुष्कळ झाले. १९७६ साली फिनलंडमधल्या सर्जनांनी पेशंटच्याच कातडीखालची चरबी काढून ड्युरावर ठेवायची पद्धत मांडली. ती बरीच वर्षं चालली, अजूनही काही जण वापरतात. अधूनमधून ती चरबी फुगून नसेवरच दाब द्यायची, हा तिचा दोष. नंतर नाना प्रकारची जेल आली, पातळ पापुद्रे आले. शतक संपता संपता एक जेल अमेरिकेत मोठ्या आशेनं बाजारात आलं, पण मोठ्या चाचण्यांत ते टिकलं नाही आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी झिरपत राहिल्याच्या तक्रारीही आल्या. ते बाजारातून गेलं. आज अशी काही उत्पादनं मिळतात, पण पायाची कळ त्यांनी खात्रीनं टळते असा भक्कम पुरावा नाही. वर ठेवलेल्या पडद्यापेक्षा आतली जखम कशी केली याला वजन जास्त.

म्हणून चांगल्या स्पाइन सर्जनच्या थिएटरमध्ये डोकावलं तर जे दिसतं ते ओळखीचं वाटतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन सेंटिमीटरचा छेद. स्नायू कापण्यापेक्षा बाजूला सारणं. पिवळा अस्थिबंध आणि चरबीचा थर शक्य तेवढा राखणं. रक्ताचा प्रत्येक बिंदू थांबवणं, पण आसपासची ऊती न भाजता. हाडाचा भुगा, कापसाचे धागे धुऊन काढणं. नसेचं मूळ ओढून न धरणं. व्रण एकदा जमला की पुन्हा ऑपरेशन करून नुसता तोच काढण्यात फारसं यश येत नाही. काढलेल्या जागी पुन्हा रक्त, पुन्हा गुठळी. पहिल्या ऑपरेशनलाच काय ते साधायचं.

पेशंटच्या हातात काय? ऑपरेशनच्या आधी तंबाखू आणि सिगरेट बंद करणं, कारण निकोटिननं जखमेचा रक्तपुरवठा घटतो. मधुमेह काबूत आणणं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सर्जनच्या कानावर घालणं, स्वतःच्या मनानं बंद न करणं. नंतर महिनाभर अंथरुणाला खिळून राहण्याची जुनी रीत आता उरलेली नाही. सर्जननं परवानगी दिली की चालायला लागावं. पाय उचलण्याचे व्यायाम नस मोकळी ठेवतात असं फिजिओथेरपिस्ट सांगतात. व्रण त्यांनी रोखला जातो हे सिद्ध झालेलं नाही, पण माणूस हिंडता-फिरता होतो हा फायदा खरा. आणि ताप, जखमेतून पाणी, पायातली ताकद कमी होणं, लघवी अडणं किंवा मांड्यांच्या मधे बधिरपणा, यांपैकी काहीही झालं तर व्रणाची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

हॉलस्टेडबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय त्याचं चित्र पुरं होत नाही. ऊतींना इतकं जपणाऱ्या या माणसाच्या नावावर सर्जरीतलं एक अत्यंत विद्रूप करणारं ऑपरेशनही आहे. स्तनाच्या कॅन्सरसाठी पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकाच लगद्यात काढायच्या. १८९४ साली त्यानं अशा ५० स्त्रियांचे निकाल प्रसिद्ध केले. त्याच जागी कॅन्सर परत येण्याचं प्रमाण इतरांच्या मानानं खूपच कमी होतं, आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभर हेच ऑपरेशन होत राहिलं. खोल गेलेली छाती आणि सुजून जड झालेला हात घेऊन असंख्य बायका जगल्या. एवढं कापून आयुष्य वाढत नाही, छोटं ऑपरेशन पुरतं, हे सिद्ध व्हायला १९७० आणि ८०चं दशक उजाडलं. आयुष्याच्या अखेरीस, १९२१ साली, हॉलस्टेड त्या सुजलेल्या हातांवरच लिहीत होता. हात का सुजतो याचं कारण तो अजून शोधत होता.

तोवर त्याचं स्वतःचं पोट दुखू लागलं होतं. आईचाच आजार, पित्ताचे खडे. १९१९ साली त्याच्याच हॉस्पिटलात त्याचं पित्ताशय काढलं गेलं. तीन वर्षांनी उन्हाळ्यात हाय हॅम्प्टनला असताना कावीळ आणि कळा परत आल्या. एक खडा पित्तनलिकेत अडकला होता. त्याला बाल्टिमोरला आणलं आणि ऑगस्टच्या अखेरीस त्यानंच शिकवलेल्या दोन शिष्यांनी पुन्हा ऑपरेशन केलं. खडा निघाला. पण नंतर रक्तस्राव झाला, न्यूमोनिया झाला आणि ७ सप्टेंबर १९२२ रोजी तो गेला. कॅरोलाइन डोंगरातल्या घरातलं आवरायला म्हणून राहिली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, तीन महिन्यांच्या आत, तीही गेली.